'दृढमूल' या विशेषणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'दृढमूल' म्हणजे नेमके काय?

ज्याची मुळे घट्ट धरली आहेत, असा. शब्द झाडावरून आला, पण आजच्या मराठीत तो झाडाला क्वचितच लावला जातो. समज, श्रद्धा, कल्पना, धारणा, संस्कार, पूर्वग्रह, संकेत, मूल्ये अशा न दिसणाऱ्या गोष्टींना तो लागतो.

'दृढमूल समज' असे लिहिले की वाचकाला तीन गोष्टी कळतात. हा समज कालपरवाचा नाही. तो वरवरचा नाही. आणि कुणी दोन वाक्यांत खोडून काढला म्हणून तो जाणार नाही. समज खरा की खोटा, चांगला की वाईट, याबद्दल मात्र या शब्दात काहीच नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात, म्हणून ते आधीच सांगून टाकले.

म्हणजे खऱ्या गोष्टीलाही 'दृढमूल' म्हणता येते?

बिनदिक्कत. 'कायद्यापुढे सगळे समान, ही कल्पना समाजात दृढमूल व्हायला वेळ लागतो' हे वाक्य अगदी बरोबर आहे. 'लोकशाही मूल्ये दृढमूल झाली', 'वाचनाचा संस्कार लहानपणीच दृढमूल झाला' अशीही वाक्ये आपण वाचतो.

तरीही अलीकडच्या लिखाणात हा शब्द 'गैरसमज', 'अंधश्रद्धा', 'पूर्वग्रह' यांच्या शेजारी इतक्या वेळा येतो की त्याला एक तक्रारीचा सूर चिकटला आहे. 'त्यांच्या दृढमूल श्रद्धा' असे वाचले की पुढे टीका येणार, असे वाचक गृहीत धरतो. तुम्हाला टीका करायची नसेल तर श्रद्धेसाठी 'अढळ' किंवा 'गाढ' जास्त सुरक्षित. शब्दकोशातला अर्थ तटस्थ असला तरी वाचकाच्या कानातला अर्थ तसा राहिलेला नाही, आणि आपण लिहितो ते वाचकासाठी.

शब्दाची फोड कशी करायची?

दृढ + मूल. 'दृढ आहे मूळ ज्याचे तो, ती किंवा ते' असा विग्रह, म्हणजे बहुव्रीही समास. 'दृढ' हा संस्कृतातल्या घट्ट होणे, पक्के होणे या अर्थाच्या धातूवरून आला. 'मूल' म्हणजे मूळ. हेच 'मूल' मूलभूत, मूलगामी, उन्मूलन, निर्मूलन आणि आमूलाग्र या शब्दांत आहे. 'आमूलाग्र बदल' म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंतचा बदल. हे लक्षात असले की 'थोडा आमूलाग्र बदल' असले वाक्य हातून निसटत नाही.

'मूल' म्हणजे बालक ना? मग 'दृढ मूल' असे तोडून लिहिले तर?

तर वाचणाऱ्याला धडधाकट मूल दिसेल. मराठीत सुटा 'मूल' हा शब्द बालकासाठी आणि 'मूळ' हा शब्द झाडाच्या मुळासाठी, अशी वाटणी झाली आहे. सामासिक शब्दात मात्र संस्कृतचा 'मूल' मुळाच्या अर्थाने टिकून राहिला. म्हणून दृढमूल हा शब्द एकत्रच लिहायचा. मध्ये जागा नको, जोडरेघही नको.

मग सरळ 'दृढमूळ' का लिहू नये? 'समूळ' तर चालतो.

प्रश्न रास्त आहे. 'समूळ' मध्ये ळ आहे आणि तो शुद्ध मानला जातो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावातही 'समूळ उच्चाटन' असेच शब्द आहेत. त्याच विषयावर काम करणारी चळवळ मात्र स्वतःला 'अंधश्रद्धा निर्मूलन' म्हणवते, तिथे ल आहे. दोन्ही शब्दांत मूळ तेच.

याला वापराखेरीज दुसरा निकष नाही. 'समूळ' बोलण्यात रुळला आणि त्याने मराठी ळ घेतला. 'दृढमूल' हा ग्रंथातून आलेला, लिखाणातच राहिलेला शब्द, त्यामुळे त्याचा ल तसाच राहिला. छापील मजकुरात 'दृढमूळ' दिसला तर संपादक तो बदलतील, आणि मीही बदलेन. बोलताना कुणाच्या तोंडून ळ आला तर त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

'द्रुढ' की 'दृढ'?

दृढ. आपण मराठीत ऋकाराचा उच्चार 'रु' सारखा करतो, म्हणून हात आपोआप 'द्रु' कडे जातो. (हिंदी बोलणारे तिथे 'रि' म्हणतात, त्यांची चूक वेगळ्या दिशेने होते.) दृष्टी, दृश्य, दृढ या सगळ्यांत दला ऋकार. द्रुत आणि द्रुम यांत मात्र खरोखरच 'द्रु' आहे. शेवटी ढ आहे, ध नाही, हेही सांगून ठेवतो, कारण 'दृध' असे टंकलेलेही दिसते.

मूलमधला ऊकार दीर्घ. मराठी 'मूळ' चे 'मुळाला' होताना ऊकार ऱ्हस्व होतो, पण १९६२ पासूनच्या लेखननियमांप्रमाणे तत्सम शब्दांतला असा दीर्घ ऊकार ऱ्हस्व होत नाही, म्हणून 'दृढमूलता' मध्येही तो दीर्घच.

लिंग, वचन बदलले की शब्द बदलतो का?

नाही. दृढमूल समज, दृढमूल श्रद्धा, दृढमूल मत, दृढमूल कल्पनांना, दृढमूल संस्कारांमुळे: सगळीकडे रूप एकच. 'जुना, जुनी, जुने' सारखे ते वाकत नाही. संस्कृतात स्त्रीलिंगी 'दृढमूला' होईल, मराठीत ते करू नये.

लिंग दिसते ते पुढच्या 'झालेला' मध्ये. तिथे 'समज' या शब्दाकडे लक्ष द्या. ग्रह, समजूत या अर्थाने तो पुल्लिंगी: 'असा समज दृढमूल झाला.' आकलन या अर्थाने स्त्रीलिंगी: 'तिची समज चांगली आहे.' त्यामुळे 'समाजात अशी समज दृढमूल झाली' हे वाक्य खटकते. तिथे 'असा समज' तरी लिहा, नाहीतर 'अशी समजूत'.

वाक्यात तो कुठे बसतो?

नामाच्या आधी बसतोच, पण त्याची खरी जागा 'होणे' या क्रियापदाशेजारी आहे. 'ही धारणा लोकांच्या मनात दृढमूल झाली आहे' हे वाक्य 'ही लोकांच्या मनातली दृढमूल धारणा आहे' यापेक्षा मोकळे वाटते. याचे कारण त्याच्या अर्थातच आहे. मुळे धरायला काळ लागतो, आणि 'होणे' मुळे तो काळ वाक्यात उतरतो. नुसते विशेषण लावले की निकाल हाती येतो, प्रक्रिया दिसत नाही.

'दृढमूल करणे' सुद्धा चालते: 'जाहिरातींनी ही कल्पना दृढमूल केली.' कर्ता कोण हे ठाऊक असेल तर हीच रचना घ्यावी. 'दृढमूल झाले' असे लिहिले की कुणी केले, हा प्रश्न हळूच गाडला जातो. अनेक अग्रलेख या सोयीचा फायदा घेतात.

कुठे दृढमूल झाले, तेही सांगायला हवे: मनात, समाजात, व्यवसायात, एखाद्या पिढीत. मुळे म्हटली की माती आलीच. 'हा गैरसमज दृढमूल आहे' एवढ्यावर थांबलेले वाक्य अर्धे वाटते.

'रूढ' आणि 'दृढमूल' यांत फरक काय? दोन्ही एकच ना?

सर्वाधिक गल्लत याच जोडीत होते.

'रूढ' सुद्धा मुळात उगवण्याशी संबंधित शब्द आहे. रुह् म्हणजे उगवणे, वाढणे, वर चढणे. त्यावरूनच रूढी आणि आरूढ. पण मराठीत 'रूढ' चा अर्थ प्रचारात असलेला, वापरात असलेला असा झाला. लोक ते करतात किंवा म्हणतात, एवढेच त्यातून कळते. त्यावर त्यांचा विश्वास असेलच असे नाही. 'दृढमूल' ला विश्वास लागतो.

सूर्योदय घ्या. 'सूर्य उगवला', 'सूर्य डोक्यावर आला', 'सूर्य बुडाला' हे सगळे शब्दप्रयोग रूढ आहेत. एके काळी त्यांच्यामागे एक दृढमूल समज होता: पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली निघाला, तरी तो समज लगेच हलला नाही. पुढच्या शतकात गॅलिलिओवर खटला चालला तो याच मुद्द्यावर. आज शाळेतले पोरही पृथ्वी फिरते असे सांगेल, पण म्हणून कुणी 'पृथ्वी वळली' म्हणत उठत नाही. समज गेला, भाषा राहिली. शब्दप्रयोग अजून रूढ आहे, समज आता दृढमूल नाही.

उलटही होते. मनात दृढमूल असलेला पूर्वग्रह उघड बोलणे समाजात रूढ राहत नाही. लोक तो बोलत नाहीत, वागण्यातून मात्र तो दिसतो. तिथे 'रूढ पूर्वग्रह' लिहिले तर मुद्दाच हुकतो.

आणि 'बद्धमूल'?

जवळजवळ समानार्थी. संस्कृत काव्यात तो जुना आहे. माघाच्या शिशुपालवधात वैराला झाडाची उपमा देऊन त्या झाडाला 'बद्धमूल' म्हटले आहे. जुन्या वळणाच्या मराठी गद्यात हा शब्द भेटतो, आजच्या वाचकाला मात्र अडखळवतो. माझ्या कानाला 'बद्धमूल' मध्ये जखडल्याची छटा लागते आणि 'दृढमूल' मध्ये बळकटीची, पण हा माझा कान झाला.

'ठाम मत' ऐवजी 'दृढमूल मत' लिहिले तर भारदस्त वाटेल का?

वाटेल, आणि चुकेलही. 'ठाम' हे माणूस मत कसे धरतो त्याचे वर्णन आहे. मी काल रात्री विचार करून आज सकाळी ठाम मत बनवू शकतो. 'दृढमूल' हे समजाने माणसात किंवा समाजात किती खोल जागा घेतली त्याचे वर्णन आहे. ते एका रात्रीत होत नाही, आणि बऱ्याचदा माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ठाम मत असलेला माणूस ते छातीठोकपणे सांगतो. दृढमूल समज असलेल्या माणसाला आपला तसा काही समज आहे हेच ठाऊक नसते, त्याला ते जगाचे साधे वर्णन वाटते.

म्हणून 'माझे असे दृढमूल मत आहे' हे वाक्य विचित्र वाटते. आपल्या मुळांकडे बाहेरून बघत असल्यासारखे ते आहे. सभेत 'माझे ठाम मत आहे' म्हणावे. आत्मपरीक्षण करताना 'माझ्यात हा समज दृढमूल झाला होता' म्हणावे, तेव्हा ते शोभते.

माणसाला 'दृढमूल' म्हणता येते का?

नाही. 'ते फार दृढमूल गृहस्थ आहेत' असे कुणी म्हणत नाही. माणसासाठी कट्टर, कर्मठ, हटवादी, हेकेखोर, जुन्या वळणाचा, निष्ठावंत असे शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कट्टर माणूस बाजू घेतो. कर्मठ माणूस आचारविधी पाळतो, त्याला बाजूशी फारसे देणेघेणे नसते. हेकेखोर माणसाला तर श्रद्धाही लागत नाही, विरोध केला की पुरते.

सत्ता, संस्था, परंपरा यांना मात्र तो लागतो. इतिहासाच्या पुस्तकांत 'राजसत्ता दृढमूल झाली' असे येते, आणि तो वापर फार जुन्या कल्पनेला धरून आहे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात पहिल्याच अंकात नुकत्याच गादीवर बसलेल्या शत्रूबद्दल म्हटले आहे की प्रजेत त्याने अजून मूळ धरलेले नाही, म्हणून नव्याने लावलेल्या, ढिल्या झाडासारखा तो उपटायला सोपा आहे. तिथला शब्द 'अरूढमूल' असा आहे. राजा असो की कल्पना, हिशेब तोच: मुळे धरायच्या आत काय ते करा.

गीतेतही हा शब्द आहे, असे कुणीतरी सांगितले. खरे का?

अगदी हाच नाही, पण त्याचे दोन्ही तुकडे एका श्लोकात आहेत, आणि गंमत अशी की ते वेगवेगळ्या बाजूंना उभे आहेत. पंधराव्या अध्यायातल्या तिसऱ्या श्लोकात संसाररूपी अश्वत्थाला 'सुविरूढमूल' म्हटले आहे, म्हणजे मुळे चांगली खोल गेलेला. आणि तो ज्या शस्त्राने तोडायचा त्या अनासक्तीच्या शस्त्राला 'दृढ' म्हटले आहे. मूळ झाडाचे आणि दृढपणा शस्त्राचा.

किती काळ गेला की समज 'दृढमूल' म्हणायचा?

वर्षे मोजून ठरत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत अभ्यास 'दृढभूमी' कधी होतो ते सांगणारे एक सूत्र आहे (पहिला पाद, चौदावे सूत्र). त्यात तीन अटी आहेत: दीर्घ काळ, खंड न पडणे आणि सत्कार, म्हणजे आदराने केलेले सेवन. हे सूत्र योगाभ्यासाबद्दल आहे, समजांबद्दल नाही. पण त्या तीन अटी समजांना लावून पाहिल्या तर चपखल बसतात. नुसते जुने असून भागत नाही, ते सतत कानावर पडावे लागते, आणि ज्यांच्याबद्दल आदर आहे अशांच्या तोंडून पडावे लागते.

यातल्या सातत्याला प्रयोगाचाही आधार आहे. १९७७ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना दोन दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधाने ऐकवून ती कितपत खरी वाटतात ते विचारले गेले. काही विधाने दरवेळी तीच होती, काही नवी. जी पुन्हा पुन्हा ऐकली ती, खरी असोत वा खोटी, अधिकाधिक खरी वाटत गेली. त्यानंतर असे प्रयोग अनेकदा झाले आणि निष्कर्ष टिकला. कुणी पुरावा दिला नव्हता, फक्त ओळख वाढली होती.

तज्ज्ञांमध्येही चुकीचे समज दृढमूल होतात का? एखादे उदाहरण?

होतात, आणि तिथे ते काढणे जास्त अवघड जाते, कारण सत्काराची अट तिथे आपोआप पुरी होते.

पोटातल्या व्रणाचे उदाहरण बघा. ताणतणाव, तिखट खाणे आणि वाढलेले आम्ल यांनी हा व्रण होतो, ही समजूत वैद्यकात अनेक दशके दृढमूल होती. जठरातल्या आम्लात जिवाणू तग धरूच शकत नाहीत, ही तिच्याखालची आणखी खोल समजूत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना जठराच्या ऊतींच्या नमुन्यांत वाकडे जिवाणू दिसत होते. त्यांच्या जोडीला तरुण डॉक्टर बॅरी मार्शल आले, आणि १९८२ मध्ये दोघांनी ते जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव नंतरचे. लोकांना पटेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे ते मिश्रण स्वतःच पिऊन टाकले, काही दिवसांत त्यांना जठरदाह झाला आणि तपासणीत तेच जिवाणू सापडले. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. आज या व्रणावर प्रतिजैविके दिली जातात, आणि काही वेदनाशामक गोळ्यांमुळेही तो होतो हेही कळले आहे.

आता हे वर्णन करताना शब्द कुठला निवडायचा? 'त्या काळी असे मत रूढ होते' म्हटले तर फार सौम्य होते. 'डॉक्टर हटवादी होते' म्हटले तर अन्याय होतो, कारण त्यांच्याकडे आपापल्या परीने कारणे होती. 'ही समजूत व्यवसायात दृढमूल होती' हे नेमके आहे. दोष माणसांवर जात नाही आणि अडचणीची खोलीही कळते.

शिकले की असे समज जातात, नाही का?

नेहमी नाही. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, हा समज घ्या. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर दोन्ही एकाच वेगाने पडतात, हे आपण शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो, गुणही मिळवतो. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून हातोडा आणि पीस एकदम सोडले, आणि ते बरोबरच खाली पडले. चित्रफीत कुणीही पाहू शकतो. तरीही अचानक विचारले तर पुष्कळांचे पहिले उत्तर 'जड आधी' हेच येते. शिकलेले वर राहते, दृढमूल झालेले खाली तसेच असते.

बोलताना 'दृढमूल' कुणी म्हणत नाही. मग काय म्हणतात?

पुष्कळ काही, आणि खरे तर लिखाणातही यांतले बरेच चालून जाते.

'डोक्यात पक्कं बसलंय' हे सगळ्यात साधे. 'मनात घर करून बसलंय' यात थोडी भीती किंवा संशय असतो. संशय घर करतो, भीती घर करते, ज्ञान कधी घर करत नाही. 'हाडीमाशी खिळलंय' हे बहुधा संस्काराबद्दल किंवा खोडीबद्दल. 'रक्तात भिनलंय' यात भिनणे आहे आणि भिनते ते विष, म्हणून चांगल्या गोष्टीला हा प्रयोग लावताना जरा सांभाळून. अलीकडे मात्र 'संगीत रक्तात भिनलंय' असे कौतुकाने म्हणतात आणि कुणाला खटकत नाही. 'अंगवळणी पडलंय' हे सवयीबद्दल, समजाबद्दल नाही. 'मनावर बिंबलंय' किंवा 'ठसलंय' म्हटले की कुणीतरी ते मुद्दाम बिंबवले, ठसवले, हे सूचित होते.

'खोलवर रुजलंय' हा 'दृढमूल' चा सर्वात जवळचा बोलीतला भाऊ. अर्थ तोच, फक्त तक्रारीचा सूर नाही. मूल्ये, प्रेम, भाषा यांच्यासाठी मी डोळे झाकून 'रुजलेले' घेतो.

म्हणींपैकी कुठली जुळते?

लोक भलत्याच म्हणी लावतात, म्हणून हा प्रश्न घेतला. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही खोडीबद्दल, म्हणजे वागण्याबद्दल आहे. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही ताठ्याबद्दल: सर्वस्व गेले तरी तोरा कायम. 'पालथ्या घड्यावर पाणी' ही उपदेश वाया जाण्याबद्दल. 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणजे हमखास होणारी किंवा न बदलणारी गोष्ट. बोलणारा ती स्वतःच्याच शब्दाची खात्री देताना वापरतो. दृढमूल समजाला यांतली एकही नीट बसत नाही. शेवटची त्यातल्या त्यात जवळची.

त्याच्याबरोबर कुठले शब्द टाळावेत?

'खोलवर दृढमूल', 'घट्ट दृढमूल', 'पक्के दृढमूल': खोली आणि घट्टपणा शब्दातच आहेत, ते पुन्हा सांगायला नकोत. 'अधिक दृढमूल होत गेले' चालते, कारण त्यात वाढ दाखवायची आहे. 'दृढमूलपणे' हे क्रियाविशेषण कुणीतरी गरजेपोटी घडवलेले दिसते. ते वाचवत नाही. 'दृढमूलता' प्रबंधात ठीक.

दृढमूल समज गेला, हे कसे लिहायचे?

मुळांशी नाते असलेली क्रियापदे घ्या: हलला, उखडला, उपटला गेला, पाळेमुळे खणून काढली. 'दृढमूल समज पुसला गेला' किंवा 'विरघळला' हे कानाला टोचते, कारण मूळ पुसले जात नाही. 'तडा गेला' हे श्रद्धेला आणि विश्वासाला शोभते. समज 'दूर होतो', कल्पना 'मोडीत निघते', पूर्वग्रह 'गळून पडतो', प्रथा 'बंद पडते'. या जोड्या शेकडो लेखणींनी घासून गुळगुळीत केल्या आहेत, आणि उगीच अदलाबदल केली तर वाचक थबकतो.

नुकताच हलू लागलेल्या समजाला 'डळमळीत' म्हणावे. विरुद्धार्थी शब्द हवा असेल तर तोही साधारण हाच, किंवा 'वरवरचा'. 'अदृढमूल' असा शब्द बनवू नये.

दुसऱ्या भाषेतून भाषांतर करताना दरवेळी हाच शब्द वापरावा का?

नको. आधी मूळ वाक्य कशाबद्दल आहे ते बघा. हितसंबंधांबद्दल असेल तर मराठीत ते 'गुंतलेले' असतात. भ्रष्टाचार 'मुरलेला' असतो, बेशिस्त 'बोकाळलेली', सवय 'जडलेली', वैर 'हाडवैर', मैत्री 'घट्ट', निष्ठा 'अविचल', साचेबद्ध प्रतिमा 'ठसलेली'. समज, धारणा, संस्कार, पूर्वग्रह यांच्यापैकी काही असेल तेव्हाच 'दृढमूल' काढावा, आणि तेही वाक्याचा सूर लिखाणाचा असेल तर. संवादात, गोष्टीतल्या पात्राच्या तोंडी, किंवा मुलांसाठीच्या मजकुरात 'डोक्यात पक्कं बसलंय' हेच बरे.

एका लेखात तो किती वेळा आला तर चालेल?

एकदा. दुसऱ्यांदा गरज पडली तर क्रियापदाकडे वळा: 'हा समज रुजला कसा', 'तो टिकला का', 'तो हलेना'.